उतार, दोरी आणि कठडा

प्रश्न दिसायला अगदी लहान आहे. घरात पाच-सहा वर्षांचे मूल आहे आणि ते गाडी मागते. दुकानातली नव्हे, गावातील मोठी मुले फळीला चाके लावून करतात आणि उतारावरून सोडतात, तसली. ती त्याला करून द्यावी काय? आई म्हणते, पडेल आणि हातपाय मोडून घेईल. वडील म्हणतात, पडल्यावाचून कोण शिकले आहे? आजोबा म्हणतात, दोन दिवस द्या, मी झकास करून देतो. आणि मूल म्हणते, मीच करणार.

या चौघांची मते घरगुती म्हणून आपण हसून सोडून देतो. परंतु क्षणभर थांबून ऐकले तर ध्यानात येईल की, माणसाने माणसावर प्रेम कसे करावे, हा जुना आणि कठीण प्रश्नच येथे चार तोंडांनी बोलत आहे. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याचे काम आपण किती करावे? त्याला धोक्यापासून किती दूर ठेवावे? आणि त्याची दोरी त्याच्या हाती केव्हा द्यावी? पालक, रविवारच्या शाळेचे शिक्षक आणि मंडळीतील वडीलधारे या सर्वांना हे तीन प्रश्न रोज भेटतात. म्हणून एका साध्या लाकडी गाडीच्या निमित्ताने त्यांचा विचार करावा असे आम्ही योजले आहे.

आमचे गुंद हे गाव कारवार जिल्ह्यात, म्हणजे आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, जोयडा तालुक्याच्या रानात आहे. मराठी, कोकणी आणि कानडी या तिन्ही भाषा येथे एकाच अंगणात कानी पडतात. सपाट जमीन थोडी आणि चढउतार मात्र पावलोपावली. अशा मुलखात मुलांना घसरण्याचा खेळ कोणी शिकवावा लागत नाही. पोफळीची झावळी गळून पडली की तिच्या देठाकडील रुंद गुळगुळीत भागावर, म्हणजे विरीवर, एक मूल बसते आणि दुसरे झावळीचे टोक धरून त्याला ओढत नेते. ही झाली बिनचाकांची गाडी. पुढे माघात याच तालुक्यातील उळवीच्या यात्रेला घाटावरून बैलगाड्या येऊ लागल्या की त्या पाहून मुलांच्या डोक्यात चाके फिरू लागतात.

गाडीची ही हौस आजची नाही. हडप्पा आणि मोहेंजोदडो येथील उत्खननांत भाजलेल्या मातीच्या लहान लहान गाड्या निघाल्या आहेत. त्या चार हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. आपल्या मराठी घरांतही मुलाची पहिली गाडी ठरलेली असे, ती म्हणजे पांगुळगाडा. तीन लाकडी चाके आणि धरायला एक आडवी दांडी. पांगुळगाड्याविषयी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तो करतानाच, तो लवकर सुटावा अशी करणाऱ्याची इच्छा असते. मूल पाचव्या वर्षीही पांगुळगाडा धरूनच चालू लागले तर कोणत्या आईला आनंद होईल? आधार असा द्यावा की त्याची गरज एके दिवशी संपावी, ही शिकवण त्या तीन चाकांत आहे. ज्या गाडीविषयी आपण बोलत आहोत ती पांगुळगाड्याच्या पुढची पायरी होय. पांगुळगाडा मुलाला उभे करतो. ही गाडी त्याला सोडून देते.

काम कोणाचे?

गाडी कशी होते ते आधी थोडक्यात सांगतो, कारण वस्तू माहीत नसता तिच्यावर केलेला उपदेश हवेत राहतो.

अडीच-तीन फूट लांब, फूटभर रुंद आणि इंचभर जाड अशी एक फळी घ्यावी. जुन्या दाराची किंवा मोडलेल्या बाकाची चालेल. आमच्या सभोवतीच्या रानात २००७ साली दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ साली त्याला काळी नदीचे नाव देण्यात आले. त्या रानातले लाकूड गुपचूप आणून मुलाला गाडी करून देणे म्हणजे पहिल्याच खेळण्याबरोबर त्याला चोरीचा धडा देणे होय. फळीखाली दोन आडवे दांडे येतात. मागचा दांडा स्क्रूने पक्का बसवावा. पुढचा मात्र मधोमध एकाच बोल्टवर, वॉशर घालून, फिरता ठेवावा. त्याच्या दोन टोकांना दोरी बांधली की ती झाली लगाम. डावीकडची ओढली की गाडी डावीकडे, उजवीकडची ओढली की उजवीकडे.

चाकांसाठी मुले गॅरेजच्या भंगारातून जुनी बेअरिंगे आणतात. बेअरिंगावर कोरलेला आकडा वाचायला मुलांना जरूर शिकवावे. त्यात गणिताची गंमत आहे. ६२०४ असा आकडा असेल तर शेवटच्या चाराला पाचाने गुणावे. आतल्या भोकाचा व्यास वीस मिलिमीटर. ६२०६ असेल तर तीस मिलिमीटर. लाकडी दांड्याचे टोक वीस मिलिमीटरपर्यंत तासले तर ते लवकर मोडते. म्हणून ६२०६ बरे. या लहानशा लोखंडी कड्यात केवढी बुद्धी खर्च झाली आहे! चाक आणि आस एकमेकांवर घासत होते, तेथे मध्ये गोळ्या घालून घासण्याचे घरंगळणे करावे, ही युक्ती गाडीच्या आसासाठी वेल्समधील फिलिप व्हॉन यांनी १७९४ साली पेटंट करून घेतली होती.

आता यांतले काय मुलाने करावे आणि काय मोठ्यांनी? करवत, पटाशी आणि गिरमिट मोठ्यांच्या हाती राहो. परंतु पॉलिश पेपरने फळी घासणे, टेपचे एक टोक धरणे, पेन्सिलीने खूण करणे, बोल्टला तेल घालणे, हातोडीने दोन खिळे ठोकणे, दोरीची गाठ मारणे आणि रंग कोणता ते ठरवणे, एवढे सहा वर्षांच्या मुलाला येते. त्याचे खिळे वाकडे बसतील. ते काढून सरळ ठोकण्याची इच्छा आपल्याला अनावर होईल. तेथे हात आवरावा. जेथे वाकड्या खिळ्याने धोका नाही, तेथे तो तसाच राहू द्यावा. त्या गाडीतला तेवढा भाग त्याचा आहे.

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९३ साली मुलांच्या शिक्षणावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. मुलांना विकतच्या खेळण्यांनी भरून टाकू नये; खेळणी त्यांनी स्वतः करावीत, निदान करण्याची खटपट तरी करावी, आणि अडले तेथे मोठ्यांनी मदत करावी, असा त्याचा सल्ला आहे. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा शिक्षणाची साधने भोवतालच्या वस्तूंतूनच उभी केली. अरविंद गुप्ता यांनी पुण्यात टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची शेकडो खेळणी करून दाखवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या सर्वांच्या कामात काटकसर आहेच. परंतु मुलाच्या हाताला आपण काही घडवू शकतो हे कळावे, हा त्याहून मोठा लाभ आहे.

पालकाचा पहिला मोह येथेच असतो. मुलाचे सारे काम आपणच करून टाकावे, म्हणजे ते नीटही होते आणि लवकरही होते. हा मोह कोठवर नेतो याचे उदाहरण अमेरिकेत घडले आहे. ओहायो राज्यातील डेटन येथे १९३३ साली मायरन स्कॉट या वृत्तपत्र-छायाचित्रकाराने अशा घरगुती, इंजिन नसलेल्या गाड्यांची शर्यत भरवली. १९३४ साली तिला राष्ट्रीय रूप आले आणि १९३५ पासून ती अ‍ॅक्रन शहरात भरू लागली. गाडी मुलानेच करावयाची, हा त्या शर्यतीचा आत्मा होता. पुढे १९७३ साली जो चौदा वर्षांचा मुलगा जिंकला त्याच्या गाडीविषयी संशय आला. क्ष-किरणांनी तपासले तेव्हा गाडीच्या नाकात विद्युतचुंबक आढळला. मुलाने मान मागे टेकली की तो चालू होई आणि सुरुवातीचे लोखंडी फाटक खाली पडताना गाडीला पुढे खेचून घेई. शर्यतीनंतर दोन दिवसांत त्याचे बक्षीस काढून घेण्यात आले. मुलाला सांभाळणाऱ्या नातलगाचा त्यात हात होता. इतरही असेच करतात, असे समर्थन त्याने केले.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी गाडीत चुंबक बसवणार नाही. पण मुलाच्या चित्रकलेच्या वहीत रात्री बसून चित्र कोण काढतो? शाळेतील विज्ञानाची प्रतिकृती कोणाच्या हातची असते? रविवारच्या शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत सात वर्षांचे मूल जी भाषा बोलते ती कोणाची असते? शिक्षकांनाही हे कळते आणि मुलालाही कळते. टाळ्या पडतात तेव्हा मूल खाली पाहते. आपल्याला वाटते ते लाजले. ते लाजलेले नसते. त्या टाळ्या आपल्या नाहीत हे त्याला माहीत असते. चुंबक लहान असो की मोठा, मुलाला त्यातून एकच निरोप पोहोचतो: तुझ्या बळावर तुझे काही व्हायचे नाही.

मृच्छकटिक नाटकाचे नाव ज्या मातीच्या गाडीवरून पडले तिची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहतो आणि आपल्या मातीच्या गाडीसाठी रडतो. वसंतसेनेला दया येते. ती अंगावरचे दागिने काढून त्या मातीच्या गाडीत घालते. तिची दया खरी आहे, यात शंका नाही. परंतु पुढे तेच दागिने न्यायसभेत निघतात आणि निरपराध चारुदत्तावरच्या आरोपाला पुरावा मिळतो. शूद्रकाने हा प्रसंग काही बालसंगोपनाचा धडा म्हणून लिहिलेला नाही. तरी आम्हांला त्यात एक गोष्ट दिसते. त्या मुलाजवळ बसून त्याची मातीची गाडी रंगवायला कोणी मदत केली असती, तर त्याचे रडे कदाचित थांबले असते. आज दुकानात मुलाने नुसते बसायचे अशा, बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या मिळतात. ज्यांना परवडतात त्यांनी घेण्यात पाप नाही. मात्र ज्या बापाला ती परवडत नाही त्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. त्याच्याजवळ एक फळी, चार चाके आणि दोन रविवार दुपारी असतील, तर देण्याजोगे पुष्कळ आहे.

धोका किती?

दुसरा मोह उलट बाजूचा आहे. गाडीच नको, उतारच नको, घरात बस, म्हणजे काळजी मिटली. आईच्या या भीतीला आम्ही भित्रेपणा म्हणणार नाही. तिच्या भीतीला आधार आहे. तो काय आहे हे नीट मोजून पाहिले पाहिजे.

उतारावरून सुटलेल्या गाडीचा वेग उताराच्या लांबीवर अवलंबून नसतो. किती उंचीवरून ती खाली आली यावर असतो. घर्षण अजिबात नाही असे धरले तर अर्धा मीटर उंची उतरलेली गाडी ताशी सुमारे ११ किलोमीटर वेगाने धावते. एक मीटर उतरली तर १६ आणि चार मीटर उतरली तर ३२. खरी गाडी घर्षणामुळे याहून थोडी सावकाश जाईल. परंतु कोणती जागा कशी आहे याचा अंदाज यावरून येतो. ११ किलोमीटरच्या वेगाने मोठा माणूस गाडीबरोबर धावू शकतो. ३२ च्या वेगाने धावू शकत नाही. म्हणून लहान मुलासाठी मोठ्या माणसाच्या कमरेपेक्षाही कमी उंचीचा उतार घ्यावा, आणि त्याच्या पायथ्याशी सपाट किंवा किंचित चढाची मोकळी जागा असावी, म्हणजे गाडी आपोआप थांबते.

आता खरी अडचण ऐका. बेअरिंगाचे चाक लोखंडी आणि अरुंद. ६२०६ ची रुंदी अवघी १६ मिलिमीटर. आमच्या तांबड्या मातीत ते रुतून बसते. त्याला गुळगुळीत डांबर किंवा सिमेंट लागते. आणि गावात गुळगुळीत उतार म्हणजे रस्ता, जेथे ट्रक येतात आणि अलीकडे पाहुण्यांच्या मोटारी येतात. म्हणजे जे चाक आपण निवडतो तेच मुलाला रस्त्यावर नेते. शहरातील मंडळ्यांतही हेच आहे. बेअरिंगची गाडी रहदारीच्या गल्लीतच पळते.

येथे पालकाची परीक्षा आहे. नुसते ‘रस्त्यावर जाऊ नको’ म्हणून भागत नाही. गाडीच रस्ता मागते. मग चाक बदलावे. रुंद लाकडी चाके केली तर गाडी अंगणातल्या मातीवर, शेताच्या बांधावर किंवा शाळेच्या मैदानात चालते. ओंडक्याची गोल चकती कापून केलेले चाक वाळताना हमखास तडकते. म्हणून दोन पातळ फळ्या एकीचा कण उभा आणि दुसरीचा आडवा अशा एकमेकींवर जोडून मग गोल कापावे. भोवती जुन्या सायकलच्या टायरची पट्टी ठोकावी. असे चाक बेअरिंगाइतके वेगाने पळणार नाही. ते न पळणे हाच त्याचा गुण आहे.

आणखी तीन गोष्टी. पुढचा दांडा फार वळला तर गाडी उलटते. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना फळीखाली एकेक लाकडी ठोकळा मारून वळण्याला मर्यादा घालावी. बसण्याची जागा खाली आणि चाकांमधले अंतर रुंद असावे. तिसरी गोष्ट ब्रेकची. बाजूला एक दांडी बोल्टवर बसवून तिच्या खालच्या टोकाला टायरचा तुकडा ठोकावा. मुलाने वरचे टोक ओढले की रबर जमिनीवर घासते आणि गाडी मंदावते. आणि पहिल्या फेरीत मूल बसवू नये. तेवढ्याच वजनाचे धान्याचे पोते बसवावे. आधी पोते, मग पोर.

नियमशास्त्रात अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक आज्ञा आहे; पुष्कळदा ती वाचताना आपण भरभर पुढे जातो. नवे घर बांधणाऱ्याने छताला कठडा करावा, नाही तर कोणी तेथून पडल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा तिचा आशय आहे. त्या देशातील छपरे सपाट असत आणि माणसे त्यांचा रोज उपयोग करीत. राहाबेने जवसाची ताटे छतावर पसरली होती. पेत्र प्रार्थनेसाठी छतावर गेला होता. छत धोक्याचे होते यात शंका नाही. तरी आज्ञेने छतावर जाण्याची मनाई केली नाही. आणि देव राखील, कठडा कशाला, असे म्हणण्याची मुभाही दिली नाही. छतावर जा, पण कठडा बांध. या एका आज्ञेत आईच्या भीतीला मान आहे आणि वडिलांच्या धीरालाही मान आहे. दोघांना मिळून तिने एक काम दिले आहे. रुंद चाक, दोन ठोकळे, ब्रेकची दांडी, ठेंगणा उतार, हा सारा त्या गाडीचा कठडा होय.

कोणी विचारील, एवढे करूनही मूल पडले तर? पडेल. गुडघा फुटेल, कोपर खरचटेल, क्वचित हाडही मोडेल. आमच्यासारख्या रानातील गावाला मोठ्या दुखापतीसाठी दूर जावे लागते, म्हणून आमचा कठडा शहरातल्यापेक्षा उंच असला पाहिजे. हाही हिशेब पालकाने केलाच पाहिजे. परंतु कठडा बांधल्यानंतर जे घडते आणि कठडा न बांधल्यामुळे जे घडते यांत नियमशास्त्राने स्पष्ट भेद केला आहे. ज्याने आपले काम केले त्याच्यावर रक्ताचा दोष ठेवलेला नाही. मुलाच्या प्रत्येक जखमेसाठी स्वतःला अपराधी मानणाऱ्या आया आमच्या मंडळ्यांत आहेत. त्यांना आम्ही सांगू इच्छितो की, परिणाम आपल्या हाती कधीच पूर्ण नव्हता. काळजी घेणे आपल्या हाती होते आणि ती तुम्ही घेतली. आणि ज्या घरात खरोखरच मोठा आघात झाला आहे, तेथे जाऊन हा लेख वाचून दाखवू नये. तेथे जवळ बसावे आणि गप्प राहावे.

दुसऱ्या बाजूने हेही म्हटले पाहिजे की, उतार बंद केल्याने धोका संपत नाही. तो फक्त पुढे ढकलला जातो. सहाव्या वर्षी ज्याने अर्ध्या मीटरच्या उतारावर ब्रेक ओढला नाही, तो अठराव्या वर्षी मोटारसायकलवर बसेल आणि घाटात बसेल. वेग म्हणजे काय, थांबायला किती जागा लागते, आपला अंदाज कसा चुकतो, हे त्याच्या शरीराला माहीतच नसेल. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दाखल्यात एका दासाने भीतीपोटी आपले द्रव्य जमिनीत पुरून ठेवले. ते हरवले नाही, चोरीस गेले नाही, जसेच्या तसे राहिले. तरी धनी प्रसन्न झाला नाही. मूलही आपल्याकडे सोपवलेले द्रव्यच आहे. ते जसेच्या तसे राखून परत करणे एवढाच आपला हिशेब नाही.

दोरी कोणाच्या हाती?

गाडी तयार झाली, पोते खाली जाऊन आले, मूल फळीवर बसले. आता दोरी कोण धरणार? पहिल्या दिवशी मोठ्याने मागून एक दोरी बांधून ती आपल्या हाती ठेवावी, हे योग्यच आहे. दुसऱ्या दिवशी ती सैल सोडावी. आणि एक दिवस ती सोडून द्यावी. तो दिवस कोणता हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. मुलाला तीनदा सांगितल्याप्रमाणे ब्रेक लावता आला, वळता आले, उतरल्यावर गाडी बाजूला घेता आली, की समजावे.

ती दोरी सोडल्यावर मोठ्याने कोठे उभे राहावे, यालाही अर्थ आहे. पुष्कळ वडील वर उभे राहून ढकलतात. ढकलणारा आपला वेग मुलाला देतो. आमचे मत असे की, मोठ्याने खाली, जेथे गाडी थांबते तेथे उभे राहावे. म्हणजे सुटण्याचा क्षण मुलाचा राहतो आणि पोहोचण्याच्या जागी आपले माणूस दिसते. आपल्या स्वर्गीय पित्याने मनुष्याला इच्छास्वातंत्र्य का दिले, यावर विद्वानांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत. एवढा गहन विषय एका लाकडी गाडीने सुटेल असे आम्ही म्हणत नाही. पण मुलाच्या हाती दोरी देताना बापाच्या पोटात जे कालवते, ते ज्याने अनुभवले आहे त्याला उधळ्या पुत्राच्या बापाचे मन थोडे अधिक समजेल. त्या बापानेही वाटणी दिली आणि मग वाटेकडे डोळे लावून बसला.

नासरेथच्या सुताराच्या घरीही हे घडले होते. प्रभू स्वतः सुतारकाम करीत असे, हे मार्काच्या शुभवर्तमानात आहे. तो नांगर आणि जू करीत असे, असे दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर याने लिहून ठेवले आहे. बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला तेव्हा योसेफ आणि मरीया एक दिवसाची वाट चालून गेली, तो सोबत्यांत असेल असे समजून. आजच्या पालकांना याचे नवल वाटेल. परंतु त्या घरी मुलाला वाटेत सैल सोडण्याची रीत होती, आणि तो सापडला नाही तेव्हा कासावीस होऊन परत फिरणारे प्रेमही होते. दोन्ही एकाच घरात, एकाच आईबापांत होते. पुढे तो त्यांच्याबरोबर गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला, असे लूक सांगतो. मोकळीक दिल्याने आज्ञापालन संपत नाही, हे त्यावरून दिसते.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना एक सूचना करून लेख संपवतो. सुट्टीच्या वर्गात मुलांकडून एक गाडी करवून घ्यावी. पाच-सहा मुलांत एक गाडी पुरे; आळीपाळीने बसणे हाही धडाच आहे. अनुवादातील कठड्याची आज्ञा त्या दिवशी शिकवावी, आणि ‘आपल्या गाडीचा कठडा कोणता?’ असे मुलांनाच विचारावे. त्यांची उत्तरे ऐकून शिक्षकांना पुष्कळ शिकायला मिळेल. मुलींना बाजूला उभ्या करू नये. अ‍ॅक्रनच्या शर्यतीत मुलींना १९७१ पर्यंत भाग घेता येत नव्हता. १९७५ साली तेथे एक मुलगीच पहिली आली. ज्या मुलाला वडील नाहीत त्याच्याजवळ मंडळीतील एखाद्या काकांनी करवत घेऊन बसावे. आणि ज्याचे पाय अधू आहेत त्या मुलाला सर्वांत आधी बसवावे, कारण उतारावर सारे सारखेच बसून जातात. धावता येणे न येणे तेथे मोजले जात नाही.

जखऱ्या संदेष्ट्याने यरुशलेमेच्या पुनःस्थापनेचे जे चित्र रेखाटले आहे त्यात काठी टेकणारे म्हातारे आहेत, आणि नगराचे चौक खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेले आहेत. देवाने बरे केलेल्या नगराची ती खूण होती. आपल्या गावाच्या, आपल्या गल्लीच्या चौकात आज मुले खेळू शकतात काय? नसतील, तर पुढच्या पंचायतीच्या सभेत किंवा मंडळीच्या बैठकीत एक ठेंगणा, मोकळा, वाहनांपासून दूर असलेला उतार मुलांसाठी मागून घेणे, हा आपणा मोठ्यांनी बांधावयाचा पहिला कठडा होय. गाडी मुले करतील.